बाथरूमच्या दारातला बंड्या

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

"आमच्या घरात तीन मांजरं आहेत. ठमी सगळ्यात मोठी, नऊ वर्षांची, तिरंगी. चार-पाच महिन्यांची असताना जिन्याखाली सापडली, तेव्हापासून आमच्याकडे आहे. बंड्या पाच वर्षांचा केशरी बोका. ओळखीच्यांच्या घरी जन्मला, त्यांच्या मुलांच्या मांडीवरच वाढला. स्वभावाने अगदी देवमाणूस, येईल त्याच्याजवळ जाऊन बसतो. चिंट्या दहा महिन्यांचा. दिसायला डिट्टो बंड्या, खरं तर म्हणूनच आणला. पण हा पडद्यांवर चढतो, रात्री आमच्या पायांना चावतो आणि ठमी दिसली की तिच्या अंगावर उडी घेतो. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन अजून राहिलंय.

ठमी आधीपासूनच तिरसट. उचललं की फिसकारते. रात्री सगळं शांत झालं की तेवढी येते आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसते, जवळ मात्र नाही. पण गेल्या दीड महिन्यापासून तिने कहर केलाय. आमच्या गादीवर शू करते. चिंट्याला आणल्याचा सूड घेतेय, असं ह्यांचं म्हणणं. लिटरचे दोन ट्रे आहेत, बाथरूममध्ये शेजारी-शेजारी, रोज साफ करते. बंड्या बिचारा दिवसभर त्याच दारात पसरलेला असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिघांचं जेवणसुद्धा एका ओळीत होतं, कुणी भांडत नाही. हे आता पाण्याचा स्प्रे घेऊन ठमीच्या मागे असतात आणि तिला कुणाला तरी देऊन टाकू म्हणतात. खरं सांगू? माझाही तिच्यावर बंड्याइतका जीव नाही, आणि याची मला लाज वाटते. तिघं एकाच घरात राहून इतके वेगळे कसे? माझं काय चुकलं?"

– तिघांची आई

*

तिघांच्या आईस,

ठमीला आधी डॉक्टरांकडे न्या. माझा बाकीचा सल्ला तिथून परत आल्यावर वाचलात तरी चालेल.

इतकी वर्षं बिनतक्रार ट्रेमध्ये जाणारी मांजर अचानक गादीवर जायला लागली, तर तो स्वभाव समजू नका. स्वभाव असा दीड महिन्यात पालटत नाही. शू करताना दुखायला लागलं की मांजर त्या दुखण्याचं खापर ट्रेवर फोडते. इथे आलं की आग होते, एवढंच तिला कळतं. मग ती दुसरी जागा शोधते, आणि मऊ, शोषून घेणारी गादी तिला सगळ्यात बरी वाटते. लघवीचा संसर्ग असेल, खडे असतील, मूत्रपिंडाचं दुखणं किंवा मधुमेह असेल. सांधेही असू शकतात. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासून २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली होती. ठमी नऊची आहे, म्हणजे त्या वयाकडे निघालेली. उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय टाकायला दुखत असेल तर ती तुम्हाला सांगणार नाही. मांजर शिकारी असली तरी आकाराने लहान, कुणाची तरी शिकार होऊ शकणारी. त्यामुळे दुखणं लपवणं तिच्या अंगातच आहे.

आणखी एक दुखणं असतं. मूत्राशयाला सूज येते, पण तपासणीत ना जंतू सापडतात ना खडे. हे दुखणं ताणाशी जोडलेलं आहे, आणि घरातच राहणाऱ्या, इतर मांजरांशी पटत नसलेल्या मांजरांत ते वारंवार दिसतं. ठमीचं हेच असावं असा माझा अंदाज आहे. पण माझ्या अंदाजावर औषधं मिळत नाहीत. लघवी तपासल्याशिवाय कुणीच काही ठरवू नये.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी टिपून न्या. एका वेळी थोडी होते की भरपूर, दिवसात किती वेळा होते, रंगात लाली आहे का, आणि पाणी पिणं वाढलंय का. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात नाही, आपल्या एका गोळीने तिचा जीव जाऊ शकतो. आणि दोन बोके असलेल्या घरात हे माहीत असायलाच हवं, म्हणून लिहिते. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि शू होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर प्रश्न तासांचा असतो.

सुडाबद्दल थोडक्यात. सूड घ्यायला आधी हिशेब ठेवावा लागतो. 'चिंट्याला आणलं काय, थांबा, सात महिन्यांनी गादी खराब करते' असं मांजराच्या डोक्यात चालत नाही. गादीवर तुमचा वास सगळ्यात जास्त असतो, आणि घाबरलेलं मांजर ओळखीच्या वासाच्या जागी आपला वास मिसळून ठेवतं, असं वर्तनतज्ज्ञ मानतात. तसं असेल तर ठमी तुमच्या गादीवर राग काढत नाहीये, तिथे आधार शोधतेय. स्प्रेची बाटली झाडांसाठी ठेवा. पाणी उडालं की मांजराला 'गादीवर करू नये' हे कळत नाही. 'हा माणूस आला की अंगावर पाणी येतं' हे मात्र पक्कं कळतं, आणि आधीच ताणाखाली असलेल्या मांजराला घाबरायला आणखी एक कारण मिळतं.

शिवाय, दर वेळी ठमीच असते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का? घरात ऑपरेशन न झालेला दहा महिन्यांचा बोका असताना आरोपी एकच धरून चालणं घाईचं होईल. मांजर बसून सपाट जागी भरपूर करतं तेव्हा ती शू असते. उभ्याने, शेपूट ताठ थरथरवत, भिंतीवर किंवा कपाटाच्या कडेवर थोडंसंच उडवतं तेव्हा ती हद्दीची खूण असते. दोन्हींचे इलाज वेगळे. एखादा जुना फोन गादीच्या दिशेने लावून ठेवा, दोन दिवसांत समजेल. गादी धुताना अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास मांजराला लघवीसारखाच लागतो आणि ती परत तिथेच येते. फिनेल तर घरात मांजर असताना नकोच, ते त्यांच्यासाठी विषारी आहे. लघवीच्या डागांसाठी एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, ते आणा.

आता बंड्या. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य त्याच्याबद्दलचं आहे, आणि तुम्ही ते कौतुकाने लिहिलंय. 'दिवसभर त्याच दारात पसरलेला असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात.'

तिन्ही मांजरांचे दोन्ही ट्रे ज्या एका दाराआड आहेत, त्याच दारात हा आडवा पडलेला आहे. घरभर गाद्या, सोफे, खिडक्या असताना बोका बाथरूमच्या थंडगार फरशीवर दिवस काढतो, ते हवेसाठी असेल असं मला वाटत नाही. तो टोलनाका लावून बसलाय.

एक काम करा. पॅसेजमध्ये स्टुलावर बसा, हातात काही तरी वाचायला घ्या आणि कोपऱ्यातून नुसतं बघत राहा. बहुतेक असं दिसेल: ठमी पॅसेजच्या टोकाला येते आणि थांबते. बंड्या उठत नाही, फिसकारत नाही. नजर मात्र तिच्यावर रोखतो, शेपटीचं टोक एकदा इकडून तिकडे होतं. ठमी एक पंजा उचलून अधांतरी धरते. मग आपल्याला तिकडे जायचंच नव्हतं असा आव आणून मान वळवते, खाली बसून खांदा चाटायला लागते आणि थोड्या वेळाने भिंतीच्या कडेने परत फिरते. आवाज नाही, झटापट नाही. बघणाऱ्या माणसाला वाटतं, काहीच झालं नाही. ठमीला मात्र ट्रेपर्यंत पोचता आलेलं नसतं. मांजर आडवं गेलं की माणसाचं काम होत नाही म्हणतात. तुमच्याकडे मांजराला मांजर आडवं जातंय.

मांजरांच्या घरातली बरीचशी भांडणं अशीच मुकी असतात. केस उपटले गेले, किंकाळ्या आल्या की आपल्याला भांडण दिसतं. रोखून पाहणं, वाट अडवणं, दुसरं मांजर बसलेल्या जागेकडे सावकाश चालत जाऊन त्याला उठायला लावणं, हे आपल्या खिजगणतीतही नसतं. आणि हे करणारं मांजर पुष्कळदा घरातलं सगळ्यात लाडकं असतं, कारण माणसांशी धीट असलेलं मांजर इतर मांजरांशीही धीटच असतं. बंड्या ढोंगी नाही. तुमच्या मांडीवरचा बंड्या खरा आणि दारातला बंड्याही खरा. त्याला रागावू नका, त्याला त्यात काही कळणार नाही. त्याच्या हातून नाका काढून घ्या, म्हणजे झालं.

त्यासाठी ट्रे वाढवा आणि पांगवा. सर्वसाधारण नियम असा, की जेवढी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. तुम्हाला चार हवेत. आणि चारही शेजारी-शेजारी मांडलेत तर मांजराच्या हिशेबी ती एकच जागा. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, निदान दोन तरी अशा जागी जिथून मांजराला दोन दिशांनी बाहेर पडता येईल. एक ट्रे ठमी जिथे जास्त वेळ असते तिथेच, आणि त्याचा काठ पुढून खूप खाली असलेला. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी. बाजारातले बरेच ट्रे त्यापेक्षा लहान असतात, साधा प्लास्टिकचा मोठा चपटा डबा त्याहून चांगला. झाकण नको, आत बसलेल्या मांजराला बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी केलेलं असतं, तेही नको.

एका ओळीत जेवतात म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. मी नसते. भूक लागली आणि अन्न एकाच जागी मिळत असलं की नावडत्या मांजराच्या खांद्याला खांदा लावूनही मांजर जेवतं, त्यात मैत्री नसते. या आपल्या मांजरांचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्याने शिकार करतं, उंदराएवढी शिकार एकट्याने खातं, वाटून खायला त्यात काही नसतंच. तिघांची भांडी तीन ठिकाणी ठेवा, एकमेकांकडे पाठ करून किंवा एकमेकांना न दिसतील अशी. ठमीचं उंचावर ठेवलंत तर उत्तम, मात्र तिच्या सांध्यांना झेपेल एवढंच उंच, मध्ये एखादी पायरी देऊन. पाण्याचंही तसंच.

कुत्र्यासारखी टोळीने शिकार करणारी जनावरं भांडल्यावर समेट करतात, कारण उद्या पुन्हा एकत्र जायचं असतं. मांजराकडे समेटाची रीत फारशी नाही. त्याच्याकडे आहे ती भांडण टाळण्याची रीत: अंतर, आडोसा, उंची आणि वेळा वाटून घेणं. एकच खिडकी सकाळी एकाची आणि दुपारी दुसऱ्याची, असं वेळापत्रक मांजरं आपापसांत ठरवतात. पण ते जमायला घरात तेवढ्या जागा हव्यात. पुठ्ठ्याची खोकी ठेवा, दोन्हीकडून उघडी, म्हणजे आत कोंडी होणार नाही. कपाटाच्या माथ्यावर जायला वाट आणि उतरायला दुसरी वाट करा. घर सजवलेलं दिसणार नाही, याला इलाज नाही.

ठमीला पहिले दोन-तीन आठवडे स्वतंत्र खोली दिलीत तर मला आवडेल. तुम्हाला ती शिक्षा वाटेल, तिला ती सुट्टी वाटेल. ट्रे, पाणी, खाणं, खिडकी, लपायला खोकं, सगळं आत ठेवा. तिच्या अंगाखालचं फडकं बोक्यांच्या जेवणाजवळ आणि त्यांचं फडकं तिच्या खोलीत, असं वासाचं येणं-जाणं चालू ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग दाराला फट, मग तुमच्या समोर थोडा वेळ एकत्र. कान मागे गेले, नजर रोखली गेली, की एक पायरी मागे. घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून. आणि डॉक्टरांकडून परत आणाल त्या दिवशी तर तिला वेगळं ठेवाच. दवाखान्याचा वास घेऊन आलेली ठमी बंड्याला ठमी वाटणारच नाही, आणि ओळखीच्याच मांजरावर तो परकं समजून धावून जाईल.

तिघं एवढे वेगळे कसे, हा तुमचा प्रश्न. उत्तर तुमच्याच पत्रात अर्धं आहे. बंड्या मुलांच्या मांडीवर वाढला, ठमी जिन्याखाली. पिल्लाच्या आयुष्यात साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा एक काळ असतो. त्या दिवसांत ज्यांनी हाताळलं, ज्यांचा वास-आवाज भोवती होता, ते सगळे पुढे आयुष्यभर 'आपल्यातले'. ठमी तुमच्याकडे आली तेव्हा ती खिडकी कधीच बंद झाली होती. नंतरही मांजर माणसावर विश्वास ठेवायला शिकतं, पण ती परक्या भाषेसारखी शिकते, जपून, मोजून.

दुसरं कारण रक्तातलं. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की माणसाळलेल्या, धीट बोक्याची पिल्लं स्वतःही जास्त धीट निघाली, आणि या पिल्लांनी आपला बाप कधी पाहिलाही नव्हता. म्हणजे बंड्याची मांडीवर चढायची हौस निम्मी तरी त्याने न पाहिलेल्या बापाची असू शकते. ठमीचा बाप कोण, हे जिन्यालाच ठाऊक.

'डिट्टो बंड्या' म्हणून चिंट्याला आणलंत, ते वाचून मला सीसी आठवली. जगातली पहिली क्लोन केलेली मांजर, डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठात जन्मलेली. जिच्या पेशीतून ती तयार केली ती रेनबो नावाची मांजर तुमच्या ठमीसारखी तिरंगी होती. सीसीमध्ये जनुकं सगळी रेनबोची, आणि अंगावर केशरी रंगाचा ठिपकासुद्धा नाही. क्लोन करूनही रंग तोच येत नाही, तिथे रंग तोच घेऊन स्वभाव कसा तोच येईल? केशरी मांजरांत साधारण पाचांत चार बोके असतात आणि तिरंगी जवळजवळ सगळ्या भाट्याच असतात, एवढं खरं, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पण केशरी म्हणजे प्रेमळ आणि तिरंगी म्हणजे तिखट, हे मी मानत नाही, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी.

दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २,८०२ मांजरांच्या मालकांना विचारून संशोधकांनी २०१७ साली मांजरांच्या स्वभावाचे पाच पैलू मांडले: भित्रेपणा, चौकस धडपड, दुसऱ्या मांजरांवरची दादागिरी, उतावीळपणा आणि माणसांशी गोडी. प्रत्येक मांजरात पाचही असतात, कमी-जास्त प्रमाणात. तुमच्या तिघांना लावून बघा. बंड्याकडे गोडी भरपूर आणि दादागिरीही भरपूर, दोन्ही एकाच वेळी. चिंट्याकडे धडपड आणि उतावीळपणा. ठमीकडे भित्रेपणा जास्त आणि गोडी कमी... निदान आपल्याला दिसते ती कमी. यातला कुठलाही पैलू दुर्गुण नाही. भित्र्या मांजराला लपायला जागा हवी, धडपड्याला काम हवं, दादागिरी करणाऱ्याला अडवायला एकच दार मिळता कामा नये.

लाजेबद्दल. तुम्ही तिघांची आई म्हणून सही केलीत, मग आईने सगळ्यांवर सारखंच प्रेम करावं हा नियमही स्वतःला लावून घेतलात. मांजरांना त्या समान वाटणीशी काही देणंघेणं नाही. ठमी मनात हिशेब मांडत नाहीये, की बंड्याला आज किती वेळा उचललं आणि मला किती. उलट तिला उचलत नाही तेव्हाच तिला तुम्ही जास्त आवडत असाल.

तुमच्याच पत्रात आहे, की रात्री सगळं शांत झालं की ती येते आणि हातभर अंतरावर बसते. अख्खं घर मोकळं असताना, बोके झोपलेले असताना, ती येऊन तुमच्याजवळ बसते. बंड्या तुमच्याजवळ येतो तसाच पाहुण्यांजवळही जातो, हेही तुम्हीच लिहिलंय. ठमी दुसऱ्या कुणाजवळ जाते का? तुम्ही 'जवळ मात्र नाही' लिहिलंत. मी ते 'हातभर अंतरावर' असं वाचते, आणि ठमीसारख्या मांजराच्या मापाने ते बरंच जवळ आहे.

ते अंतर तिला ठरवू द्या. डेनिस टर्नर यांनी स्वित्झर्लंडमध्ये माणूस आणि मांजर यांचं वागणं वर्षानुवर्षं टिपलं. त्यांना दिसलं, की मांजराने स्वतःहून सुरू केलेली जवळीक माणसाने सुरू केलेल्या जवळिकीपेक्षा जास्त वेळ टिकते. म्हणून ती आली की हात पुढे करू नका. एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर, थोडं दूर, नुसतं धरा. तिला हवं असेल तर ती गाल घासेल. घासला तर गालावर किंवा हनुवटीखाली हलकेच दोन-तीनदा खाजवा आणि थांबा, ती अजून मागते का बघा. शेपटीच्या मुळाशी आणि पोटाला हात नको, पोट दाखवलं तरी नको. शेपूट सपसप हलायला लागली, पाठीवरची कातडी लहरली, कान बाजूला वळले, तर ती फिसकारायच्या आधीच तुम्ही थांबायचं. ती 'उगाच' फिसकारते असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा आधीच्या तीन खुणा आपण पाहिलेल्या नसतात म्हणून. आणि तिने तुमच्याकडे बघितलं की डोळे सावकाश अर्धे मिटा, पुन्हा उघडा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं, की असं केल्यावर मांजरंही तशीच डोळे मिटून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्याजवळ जायला जास्त राजी होतात. घरच्यांना तुम्ही पेंगताय असं वाटेल, वाटू द्या.

चिंट्याचं फार मनाला लावून घेऊ नका, तो जे करतोय त्याचं अर्धं कारण त्याचं वय आहे. ऑपरेशन आधी करून घ्या. पाच महिन्यांच्या आतच करावं असं आता बरेच पशुवैद्य सांगतात, तुम्हाला आधीच उशीर झालाय. ठमीवरच्या उड्या त्याच्या मते खेळ आहे. नऊ वर्षांच्या भाटीला त्या वयाच्या बोक्याशी कुस्ती नको असते. दोघं आळीपाळीने खाली-वर होत असतील, आवाज नसेल, तर तो खेळ. एकच जण सतत पळतोय, कान चपटे, गुरगुर, तर तो छळ, तिथे मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवा, हात घालू नका. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं काठीला दोरी आणि पिसं बांधलेल्या खेळण्यामागे त्याला दमवा. शेवटचा खेळ तुम्ही झोपायच्या थोडं आधी, शेवटी पिसं त्याच्या तावडीत सापडू द्या, आणि लगेच जेवण द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा क्रम आहे. नुसत्या लेझरच्या ठिपक्यावर भागवू नका, त्यात हाती काहीच लागत नाही आणि मांजर चिडचिडं होतं. पाय चावले तर पाय हलवू नका, ओरडू नका. पाय मेल्यासारखे पडून राहिले की त्यात मजा उरत नाही. आणि हाताने कुस्ती खेळणं आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांचं. (कुणी तरी खेळत असणारच, नाही तर पायांपर्यंत गोष्ट आली नसती.)

राहिला ठमीला देऊन टाकायचा प्रश्न. काही घरांत मांजरांचं खरोखरच जमत नाही, तेव्हा एखाद्या मांजराला चांगलं घर शोधून देणं यात पाप नाही. एकट्या शांत माणसाचं, दुसरं मांजर नसलेलं घर ठमीला कदाचित मानवेलही. पण तो निर्णय लघवीचा रिपोर्ट, चार ट्रे, चिंट्याचं ऑपरेशन आणि निदान दोन-तीन महिने एवढं झाल्यावरचा आहे. यातलं आज एकही झालेलं नाही. आता दिलीत तर दुखणं असलेली, गादीवर शू करणारी नऊ वर्षांची मांजर तुम्ही कुणाच्या तरी गळ्यात बांधाल, आणि ती तिथूनही बाहेर पडेल, या वेळी रस्त्यावर. त्यातून दारातला बंड्या जागचा हलणार नाहीच. ठमी गेल्यावर तो चिंट्याला अडवायला लागेल. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा, आणि स्प्रेची बाटली काढून घेऊन त्यांना ट्रेचं काम द्या.

बंड्याकडून एक महिना तरी काही मोठी अपेक्षा ठेवू नका. दार हातचं गेलं की तो दुसरं दार शोधेल. मग तिकडचाही रस्ता दुहेरी करायचा. त्याला बसायला पॅसेजपासून लांब, उन्हाच्या खिडकीत एखादी चांगली जागा करून द्या, आणि तो तिथे बसलेला असताना त्याचे लाड करा. लाड हवे असतील तर कुठे बसायचं, हे तो लवकर शिकेल, तो हुशार आहे.

पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली तुम्ही बारीक अक्षरात विचारलंय, चिंट्याला खेळायला त्याच्या वयाचं आणखी एक आणू का. नको. आधी चौथा ट्रे आणा.